१ जानेवारी १९८३ : एका तारखेमागचे कित्येक महिने

#थ्रेड #इतिहास #संगणक

१/
१९८३ च्या सुमारास अमेरिकेत अर्पानेट या संगणक-जाळ्याशी संबंधित काही लोकांच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसू लागला. त्यावरील मजकुराचा आशय असा : टीसीपी/आयपीच्या स्थित्यंतरातून मी तगलो. दुष्काळातून, युद्धातून माणूस तगतो. एका सॉफ्टवेअरच्या बदलातून तगण्याचे एवढे अप्रूप कोणाला आणि का वाटावे?

२/
१ जानेवारी १९८३ ही तारीख आज इंटरनेटचा जन्मदिवस म्हणून सांगितली जाते. जाळ्याच्या रचनाकारांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात हा बदल आश्चर्य वाटावे इतका सुरळीत पार पडल्याची नोंद आहे. बिल्ला मात्र वेगळे सांगतो. दोन साधने परस्परांशी जुळत नाहीत, तेथेच अभ्यासकाचे काम सुरू होते.

३/
थोडी पार्श्वभूमी. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिग्मा ७ संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एसडीएस ९४० संगणकाशी पहिला संवाद झाला. ‘लॉगिन’ या शब्दाची दोन अक्षरे पोहोचली आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचे यंत्र कोसळले. तार शाबूत होती. अडखळले ते यंत्रातील सॉफ्टवेअर.

४/
ही अडचण अगोदरच ओळखली गेली होती. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या आरएफसीचा विषयच मुळी यजमान संगणकांचे सॉफ्टवेअर हा होता. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, अभिप्रायार्थ टिपण. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडावा तशी ही टिपणे आज एकेक करून वाचता येतात. या थ्रेडचा मोठा आधार तीच आहेत.

५/
अर्पानेटवर प्रत्येक ठिकाणी आयएमपी नावाचे छोटे यंत्र असे. बीबीएन कंपनीने हनीवेल ५१६ या संगणकावर ते घडवले होते आणि आरंभी ते सर्वत्र एकाच जातीचे होते. त्याला जोडलेले मोठे संगणक मात्र नाना जातींचे. पीडीपी-१० चा शब्द ३६ बिटांचा, आयबीएमचा ३२ बिटांचा. बहुतेक जण अक्षरांसाठी आस्की संकेत वापरत, तर आयबीएम एबसिडिक. हरकारा सगळीकडे सारखाच होता; पत्र मोडीत आहे की बाळबोधात, हे ज्याचे त्याने पाहायचे.

६/
त्यातून मेनफ्रेमचा स्वभाव सरंजामी. त्याच्या कार्यप्रणालीची समजूत अशी, की आपल्याला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग ते टर्मिनल असो, कार्डवाचक असो वा छपाईयंत्र, आपली सेवक आहे. बरोबरीच्या नात्याने बोलणारा शेजारी तिच्या कल्पनेत बसत नव्हता. त्यामुळे जाळ्याचे सॉफ्टवेअर बसवणे म्हणजे अनेकदा कार्यप्रणालीच्या गाभ्यातच हात घालणे होते.

७/
१९७० च्या आगेमागे या कामासाठी एनसीपी हा प्रोटोकॉल रूढ झाला. त्याचा एक मोठा विश्वास होता : आयएमपींचे जाळे निरोप हरवणार नाही. एकाच जाळ्यापुरता तो विश्वास रास्तही होता. पण पुढे रेडिओवर चालणारी आणि उपग्रहावरून जाणारी जाळी आली. तेथे निरोप हरवणे हा अपवाद नव्हता, तो नित्यक्रम होता.

८/
विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे मर्म येथे आहे. जाळ्यावर भरवसा ठेवू नका. निरोपांची मोजदाद, पोचपावती आणि हरवल्यास पुन्हा पाठवणे ही जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांनी घ्यावी. कल्पना देखणी होती. परंतु तिचा व्यावहारिक अर्थ असा, की सगळा भार मेनफ्रेमवर, म्हणजे तो सांभाळणाऱ्या सिस्टिम प्रोग्रॅमरवर आला.

९/
नोव्हेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८०१ प्रसिद्ध केला. त्यात स्थित्यंतराचे वेळापत्रक होते आणि अंतिम मुदत होती १ जानेवारी १९८३. मधल्या काळात काही यंत्रे केवळ एनसीपी बोलणार, काही केवळ टीसीपी. म्हणून दोन्ही जाणणाऱ्या काही संगणकांनी दुभाष्याचे काम करावे, अशीही तरतूद होती. मार्च १९८२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने टीसीपी/आयपीला लष्करी जाळ्यांचे प्रमाण ठरवले आणि परतीची वाट बंद झाली.

१०/
‘सॉफ्टवेअर बसवणे’ या शब्दांनी आज फसू नये. तेव्हा ते एका बटणाचे काम नव्हते. मूळ संहिता चुंबकीय टेपवरून उतरवायची, आपल्या यंत्राच्या तऱ्हेप्रमाणे दुरुस्त करायची, कार्यप्रणालीत गुंफायची, प्रणाली नव्याने उभी करायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. एका यंत्रावर अनेकांचे काम चालत असल्यामुळे ते बंद ठेवायला सवडीची वेळ शोधावी लागे. चूक झाली तर सर्वांचेच काम अडे.

११/
शिवाय ही संहिता उत्पादकाकडून मिळेलच असे नव्हते. आयबीएमने १९७४ मध्ये एसएनए ही स्वतःची जाळेरचना बाजारात आणली होती; टीसीपी/आयपीची तिला निकड नव्हती. म्हणून आयबीएमच्या एमव्हीएस प्रणालीसाठी टीसीपी/आयपी लिहिले ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील बॉब ब्रेडन यांनी. मल्टिक्स प्रणालीचे काम एमआयटीत झाले, टेनेक्सचे बीबीएनमध्ये. जितक्या प्रणाली, तितक्या वेळा तेच काम नव्याने.

१२/
एवढ्यावर भागत नव्हते. एनसीपीच्या काळात ई-मेल हे फाइल पाठवण्याच्या व्यवस्थेच्या पाठीवर बसून जाई. नव्या व्यवस्थेत टपालासाठी एसएमटीपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल आला. त्याचे पक्के स्वरूप आरएफसी ८२१ मध्ये ऑगस्ट १९८२ ला प्रसिद्ध झाले, म्हणजे मुदत संपायला पाचच महिने उरले असताना. पाया बदलत असतानाच घराची दारेही बदलायची होती.

१३/
मग पत्त्यांचा प्रश्न. अर्पानेटचा मूळ पत्ता आठ बिटांचा होता. आयपीचा ३२ बिटांचा. अर्पानेटला जाळे क्रमांक १० मिळाला. पुढच्या आकड्यांत यजमानाची जोडणी आणि शेवटी आयएमपीचा क्रमांक. या नियमाने पहिल्या आयएमपीच्या शून्य क्रमांकाच्या जोडणीवरील यंत्र १०.०.०.१ आणि दुसऱ्या आयएमपीवरील १०.०.०.२. हा पत्ता ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

१४/
नाव आणि पत्ता यांची सांगड घालणारी डीएनएस व्यवस्था अजून जन्मली नव्हती. तिचे पहिले आरएफसी नोव्हेंबर १९८३ चे. तोवर साऱ्या जाळ्याची एकच यादी असे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्र ती राखी. या केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती. प्रत्येक ठिकाणच्या प्रशासकाने ती यादी उतरवून घ्यायची. ती शिळी झाली, की नवा शेजारी आपल्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे. मे १९८२ मध्ये जाळ्यावर २३५ यजमान होते, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२.

१५/
आता त्या प्रशासकाच्या जागी उभे राहून पाहावे. जुने जाळे नीट चालू आहे. वापरकर्त्यांची तक्रार नाही. नवे बसवल्यावर त्यांना दिसण्याजोगे काहीच अधिक मिळणार नाही; बिघडले तर मात्र लगेच दिसेल. असे काम माणूस उद्यावर ढकलतो. अनेकांनी ते ढकलले. त्यात आळस किती होता हे सांगता येत नाही, शहाणपण मात्र नक्कीच होते.

१६/
म्हणून १९८२ च्या मध्यास एक दिवस जाळ्यावरील एनसीपी बंद ठेवण्यात आले. तयारी नसलेली यंत्रे तेवढा वेळ मुकी झाली. पुढे शरद ऋतूत हाच प्रयोग दोन दिवस झाला. मुदत खरी आहे, हे सांगण्यासाठी पत्रके पुरली नाहीत. शांतता वापरावी लागली.

१७/
अखेर १ जानेवारी १९८३ उजाडला. वार शनिवार. एनसीपीचे निरोप पुढे न नेण्याची व्यवस्था खुद्द आयएमपींमध्येच करण्यात आली. सगळेजण तयार होते का? याचे उत्तर आठवणींवर सोडण्याची गरज नाही, कारण एक विलक्षण साधन हाती आहे.

१८/
डिसेंबर १९८२ ते फेब्रुवारी १९८३ या काळात डेव्हिड स्मॉलबर्ग यांनी जवळपास दर आठवड्याला एक पाहणी केली. शीर्षक साधेच : टीसीपी कोण बोलतो? यादीतील यजमानांशी टेलनेट, फाइल-वहन आणि टपाल या तीन मार्गांनी जोडणी करून पाहायची आणि कोण उत्तर देतो ते तक्त्यात मांडायचे. आरएफसी ८३२ ही पहिली पाहणी, ८४६ ही शेवटची. गावोगावच्या चावडीवर हजेरी घ्यावी तसे हे कागद आहेत.

१९/
या पाहण्यांचे अस्तित्वच बोलके आहे. सर्व काही एका रात्रीत झाले असते, तर फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात ‘कोण बोलतो’ असे विचारण्याचे कारण काय होते? काही ठिकाणांना मुदतवाढ द्यावी लागली आणि बदल पुरा व्हायला आणखी काही महिने गेले. त्याच वर्षी लष्करी यंत्रे मिलनेट या वेगळ्या जाळ्यात गेली.

२०/
इंटरनेटच्या दोन लोकप्रिय कथा आहेत. एकीत ते मुक्त सहमतीतून उगवले. दुसरीत ते लष्कराच्या हुकमाने आले. १९८३ चे कागद दोन्ही कथांना अपुरे ठरवतात. प्रोटोकॉल खुल्या चर्चेतून घडला, त्याची मुदत मात्र हुकमाची होती. १९७५ पासून अर्पानेटचे चालन संरक्षण खात्याच्या दळणवळण विभागाकडे होते आणि जाळे बंद करण्याचा अधिकार नसता, तर मुदतीला अर्थ उरला नसता. उलट, केवळ हुकमाने एकाही मेनफ्रेमवर एक ओळ चालली नसती. ती कोणीतरी बसून लिहावी लागली.

२१/
ते ‘कोणीतरी’ बहुतांशी निनावी आहेत. सर्फ आणि कान यांना सन्मान मिळाले आणि ते यथोचितच होते. पण टेप उतरवणारे, पत्त्याचे आकडे भरणारे, बंद पडलेले टपाल पुन्हा सुरू करणारे शेकडो हात चरित्रांत येत नाहीत. किल्ल्याच्या शिलालेखात बांधणाऱ्या गवंड्याचे नाव क्वचितच सापडते, तसेच हे. त्यांनी मागे ठेवले ते एक बिल्ला आणि काही तक्त्यांतील खुणा.

२२/
आणि एक पाऊलखूण. १९९० मध्ये अर्पानेट बंद झाले आणि जाळे क्रमांक १० मोकळा झाला. मार्च १९९४ मध्ये तो खासगी, अंतर्गत वापरासाठी राखण्यात आला. आज एखाद्या महाविद्यालयाच्या वा कार्यालयाच्या वायफायला जोडल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर क्षणभर थांबावे. एके काळी साऱ्या अर्पानेटच्या दारावर तीच पाटी होती.