हरकत आणि सूचना

नकाशा, जमीन, मालक, हद्द, दस्तऐवज हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. उर्दू बोलणाऱ्याला ते परके नाहीत. पण हेच शब्द सरकारी कागदावर चढले की आमची माणसे गोंधळतात. ‘हरकत’ या शब्दाचेच बघा. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आणि मुलांच्या बाबतीत खोडी. आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहिरात मराठी वर्तमानपत्रात आली, तेव्हा वस्तीतले एक रिक्षावाले चाचा मला म्हणाले, “टीचर, हमने कौनसी हरकत की?”

तेवढ्यात दुसरी बातमी आली, वस्तीला ‘आरक्षण’ मिळाले. दोन-तीन तरुण खूश झाले. त्यांना वाटले, नोकरीतले आरक्षण. आणि नकाशात वस्तीची मागची बाजू हिरवी दाखवली आहे हे ऐकून एक बुजुर्ग समाधानाने म्हणाले, “माशाल्लाह, अपना रंग दिया.”

मला हसू आले, पण ते टिकले नाही. नकाशात हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे रहिवास. मागच्या बाजूला जिथे माणसे राहतात तिथे कागदावर शेत होते. पुढच्या बाजूला जे आरक्षण पडले होते ते मैदानाचे आणि प्राथमिक शाळेचे. त्या जागेवर चाळीसेक घरे उभी होती. त्यांतल्या कितीतरी घरांतली मुले माझ्या वर्गात आहेत.

ही घरे काही चोरून बांधलेली नाहीत. शहरात भाड्याने घर बघायला गेले की आधी नाव विचारतात. मग माणूस गावाबाहेर एक गुंठा घेतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. स्टँपपेपरवर लिहून घेतो, पत्रे टाकतो, बोअर मारतो. अशा प्लॉटसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण त्यासाठी मोजणी हवी, शुल्क हवे, कागद हवेत. आणि आरक्षण पडलेल्या जागेचा पेच त्याने आपोआप सुटत नाही.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात मी नकाशाची प्रत लावली. आधी मस्जिद शोधली, मग पाण्याची टाकी, मग नाला. त्यानंतर बायका आपापली गल्ली बोटाने दाखवू लागल्या. एका खालाने विचारले, “बायपास के उस तरफ कौन रहता?” तिकडे कोणीच राहत नव्हते. ते सगळे शेत होते आणि या आराखड्यात ते पिवळे झाले होते. जिथे माणसे नाहीत तिथे रहिवास आणि जिथे माणसे आहेत तिथे शेती, हे तिला जेवढे चटकन दिसले तेवढे मलाही दिसले नव्हते. शेत पिवळे झाले की त्याचा भाव किती पटींनी चढतो, हे मात्र तिथल्या सगळ्यांना ठाऊक होते.

सुनावणी झाली. कायद्याप्रमाणे नियोजन समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नियोजनाचे जाणकार म्हणून नेमलेले जास्तीत जास्त ४ जण असतात. आमच्या लोकांनी आरक्षण काढाच म्हणून सांगितले. समितीतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तुमच्या गल्लीत आगीचा बंब शिरत नाही. मुले कुठे खेळतात? मॅडम, तुमच्या शाळेला मैदान आहे का?”

नाही. आमची शाळा एकाच इमारतीत दोन पाळ्यांत भरते. परिपाठ गल्लीत होतो. मोटारसायकल आली की मुले भिंतीला चिकटून उभी राहतात. मुलींना तर सातवीनंतर धावायलाही जागा नाही. म्हणजे ज्या आरक्षणाविरुद्ध आम्ही उभे होतो, त्याची सर्वांत जास्त गरज माझ्याच विद्यार्थ्यांना होती. आणि त्यांचीच घरे त्या जागेवर होती.

बाहेर आल्यावर बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे, मैदानाचे नावच काढू नका. बायका म्हणाल्या, मैदान पाहिजे, पण घरावर नको. आमच्या अर्जात दोन्ही होते. बहुतेकांनी छापील अर्जावर फक्त हरकत घेतली होती. आम्ही पुढे सूचनाही लिहिली होती. नाल्यापलीकडची मोकळी सरकारी जमीन मैदानाला आणि शाळेला द्यावी, सर्व्हे नंबरासह. मागची बाजू रहिवासात घ्यावी. बंब शिरेल एवढ्या रस्त्यासाठी दोन्ही बाजूंचे लोक ओटे मागे घेतील. त्या गृहस्थांनी हा कागद दोनदा वाचला आणि नकाशावर पेन्सिलीने खूण केली.

अशा बोलण्याने काही होते का, असे लोक विचारतात. मी मुंबईचे उदाहरण देते. तिथला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यातल्या चुकांवर नागरिकांनी एवढा गदारोळ केला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घ्यायला लावला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. मुंबईत वर्तमानपत्रे, वास्तुविशारद, संघटना होत्या. आमच्याकडे व्हरांडा होता.

आमचा आराखडा आता शासनाकडे आहे, निर्णय यायचा आहे. मंजूर आराखड्यात आरक्षण राहिले आणि १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जागामालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणजे असेही होईल की इतकी वर्षे घरांवर टांगती तलवार राहील आणि शेवटी मैदानही मिळणार नाही. मला भीती आहे ती याची.

विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. पुढचा येईल तेव्हा माझी आजची मुले घर शोधत असतील. म्हणून भूगोलाच्या तासाला जगाच्या नकाशाआधी मी आता शहराचा नकाशा लावते. गुंठा विकत घेण्याआधी त्या जागेचा रंग कोणता, हे त्यांना बघता आले पाहिजे. आणि हरकतीखाली सूचना लिहिता आली पाहिजे, मराठीत, सर्व्हे नंबरासह.