दोन्ही श्रावण पाळा

देवास,
ज्येष्ठ वद्य एकादशी

तीर्थरूप दादासाहेब यांस,


वहिनीसाहेबांनी फोनवर तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला. कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकल्यापासून मनाला चैन नाही. डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं आणि ‘पवारांच्या धारमध्ये राहून घासफूस खाऊ का?’ म्हणत तुम्ही विषयच मिटवलात, हेही कळलं. मटण सोडा असं मी म्हणत नाही. कमी करा म्हणते, आणि तेही फक्त तुमच्या तब्येतीपुरतं नाही.

तुम्ही मांडूच्या घियासशाहाचा दाखला द्याल. त्याच्या काळी सुरू झालेल्या निमतनामा या पाकग्रंथात मांसाचे नाना प्रकार आहेत, खरंच. पण तो सुलतानाचा मुदपाकखाना. आपल्या आजींच्या घरी काय होतं ते आठवा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र, श्रावण वगळून जे दिवस उरत, त्यांतल्या एखाद्या रविवारी पातेलं चढायचं. ताटात दोन फोडी, बाकी रस्सा आणि भाकरी. ते वार मोडले ते ब्रॉयलर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळू लागल्यापासून. 2019 साली लॅन्सेटच्या आयोगानं लाल मांसाचं प्रमाण दिवसाला सरासरी 14 ग्रॅम सुचवलं, म्हणजे आठवड्याला 100 ग्रॅमच्या आसपास. आजींचं ताट त्याहून फार वेगळं नसावं. आणि नातवंडांच्या डब्यातली सॉसेजेस तर आजच थांबवा. असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेनं 2015 सालीच सांगितलंय.

आता आपल्या शेताचं. धारकडचा मका आणि देवासचं सोयाबीन जातं कुठे? सोयाबीनमध्ये जवळपास 40 टक्के प्रथिनं असतात. गिरणीत तेल काढलं की उरलेली पेंड, ज्याला मंडीत डीओसी म्हणतात, ती बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोबत मका. ब्रॉयलरचं वजन एक किलोनं वाढायला दीड-पावणेदोन किलो खाद्य लागतं, आणि त्या किलोतही हाडं-पिसं आली. म्हणजे आपल्याच काळ्या मातीतलं पीक कोंबडीच्या पोटातून फिरून, घटून ताटात येतं. त्यासाठी नांगरलेली जमीन, डिझेल, खत, सगळं त्यात मोजायला हवं. 1990 साली या देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा पाहिलेल्या माणसाला जमीन-पाण्याचा असा हिशेब किरकोळ वाटत नाही.

‘बकरी तर रानात चरते,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण ती रवंथ करते आणि त्यातून मिथेन सुटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 साली मांडलेल्या हिशेबात, माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 14.5 टक्के पशुपालनातून येतात. त्यात दूधही आलं.

तरी माझं हे म्हणणं कुक्षी-डहीतल्या भिलाच्या बकरीला लावू नका. ती त्याची अडीनडीची ठेव आहे. 2015 साली आपल्या मध्य प्रदेशात अंगणवाडीतल्या मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव सरकारनं नाकारला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या पोराच्या दंडाला मांस नाही त्याला अंडं मिळालंच पाहिजे. कमी खायचं ते भरल्या ताटांनी, म्हणजे आपण. आणि स्वखुशीनं, कुणाच्या ताटावर पहारा न ठेवता.

म्हणून एक मागणं आहे. इथला सावन आषाढी पौर्णिमेनंतर लागतो, आपला श्रावण अमावस्येनंतर. यंदा दोन्ही पाळा: गुरुपौर्णिमेपासून पोळ्यापर्यंत, दीड महिना. पुढे मटणाला फक्त रविवार ठेवा. दीड महिन्यानं रक्त पुन्हा तपासून घ्या.

वहिनीसाहेबांना सांगा, सोयाबीन कच्चं दळू नका. ते पचत नाही. उकडून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ भाग गव्हात एक भाग घालून दळा. डॉलर चण्याचा रस्सा आपल्या काळ्या मसाल्यात करा, वाटण मटणाचंच. तेल मात्र निम्मं. राखीला मी येते, तेव्हा तोच रस्सा करायला सांगा. बरोबर मक्याचे पानिये असले तर फारच छान.

तुमची धाकटी बहीण