अलास्काच्या वाटेवर चाकांचे घर

कॅनडाच्या पश्चिम भागात डॉसन क्रीक नावाचे शेतीवाडीचे गाव आहे. गावच्या चौकात एक पांढरा खांब उभा आहे. हा शून्य मैलाचा खांब. येथून अलास्का महामार्ग सुरू होतो आणि जंगल, डोंगर, नद्या ओलांडीत सुमारे 2,200 किलोमीटरवर, अमेरिकेच्या अलास्का राज्यातील डेल्टा जंक्शन या गावी संपतो. आमची लेक आणि जावई एडमंटनला असतात. त्यांच्याबरोबर आम्ही उभयतांनी जुलै महिन्यात हा रस्ता मोटरघरातून पार केला. रस्ता पाहण्यासारखा आहेच, पण त्याची कथा ज्याची जमीन आहे अशा प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे.

चाकांवरचा संसार

मोटरघर म्हणजे टेम्पोएवढ्या गाडीवर बसवलेली दोन खणांची खोली. त्यात झोपायला दोन जागा, गॅसची शेगडी, लहान फ्रीज, न्हाणीघर, सारे काही. मी ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, त्यामुळे भाकरीवाचून अडले नाही.

गोड्या पाण्याची टाकी मात्र बेताची. पहिल्याच दिवशी लेकीने बजावले, "आई, नळ सोडून भांडी घासायची नाहीत." उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या बाईला हे काय शिकवायचे! सांडपाणी वाटेत कोठेही सोडता येत नाही. ते वेगळ्या टाकीत साठते आणि मुक्कामाच्या तळावर ठरलेल्या जागीच रिकामे करावे लागते. खरकटे बाहेर ठेवायचे नाही, कारण त्या वासाने अस्वले येतात. तेथल्या कचरापेट्यांची झाकणेसुद्धा अस्वलाला उघडता येऊ नयेत अशी केलेली असतात.

आणखी एक नियम जावईबापूंनी काटेकोर पाळला. पेट्रोलचा पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी भरलेली असली तरी. पुढचा पंप दीडशे किलोमीटरवरही असू शकतो. लांबलांब पट्ट्यांत मोबाइलही लागत नाही.

मोहरीच्या रानापासून गरम झऱ्यापर्यंत

सुरुवातीचा मुलूख पीस नदीच्या खोऱ्याचा. गहू, सातू आणि मोहरीच्या जातीचे कॅनोला. जुलैत कॅनोला फुलावर असतो, त्यामुळे नजर जाईल तेथवर पिवळे रान. डॉसन क्रीकमध्ये धान्याच्या एका जुन्या उंच कोठाराचे चित्रदालन केले आहे. आमच्या यजमानांनी चित्रांपेक्षा कोठाराचे लाकूडकामच अधिक वेळ पाहिले.

फोर्ट नेल्सन सोडल्यावर डोंगर सुरू होतात. रस्त्याचा सर्वांत उंच माथा समिट खिंडीत, सुमारे 1,300 मीटरवर आहे. पुढे हिरव्यानिळ्या पाण्याचे मंचो सरोवर लागते. या भागात रानमेंढ्या क्षार चाटायला थेट रस्त्यावर येतात, म्हणून गाडी हळू हाकावी लागते. लिअर्ड येथे जंगलात गरम पाण्याचे झरे आहेत. पाणथळ जागेवरून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. आमची वज्रेश्वरी आठवली. याच परिसरात बायसन, म्हणजे आपल्या गव्याहून केसाळ जनावर, रस्त्याच्या कडेला खुशाल चरत असतात.

वॉटसन लेक या गावी पाट्यांचे रान आहे. 1942 साली रस्त्याच्या कामावर असलेल्या एका अमेरिकन शिपायाला घराची आठवण आली, तेव्हा त्याने आपल्या गावाचे नाव आणि अंतर लिहून पाटी ठोकली. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोच पायंडा पाडला. आज तेथे जगभरच्या गावांच्या पाट्या आहेत आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे.

आठ महिन्यांत रस्ता

डिसेंबर 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काला खुष्कीचा मार्ग नव्हता, म्हणून अमेरिकेने कॅनडाच्या संमतीने हा रस्ता काढला. मार्च 1942 मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबरअखेर कच्चा रस्ता दोन्ही बाजूंनी जोडला गेला. 20 नोव्हेंबरला क्लुआनी सरोवराकाठी उद्घाटन झाले. सर्वसामान्यांसाठी रस्ता 1948 साली खुला झाला.

दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते. त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्या काळी अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि काळ्या पलटणी वेगळ्या असत. उन्हाळ्यात डास आणि चिखल, थंडीत तंबूंतला मुक्काम, असे दिवस त्यांनी काढले. सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल कृष्णवर्णीय पलटणीने चार दिवसांच्या आत उभा केला. तरीही पुढे कित्येक वर्षे त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही.

ज्यांच्या दारातून रस्ता गेला

हा मुलूख निर्जन नव्हता. येथील मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या शिकार आणि मासेमारीवर जगत आले होते. रस्त्याबरोबर बाहेरची माणसे आली आणि त्यांच्याबरोबर गोवरासारख्या साथी आल्या. टेस्लिनसारख्या लहान वस्त्यांना त्याचा जबर फटका बसला. क्लुआनी भागात तर 1943 मध्ये अभयारण्य झाले आणि ज्यांचे पोट त्या रानावर होते त्यांनाच तेथे शिकारीची बंदी झाली. हक्क परत मिळवायला अर्धे शतक लागले. 1993 आणि 2003 मध्ये तेथील दोन समाजांशी करार झाले. धरणात आणि रस्त्यात ज्यांची जमीन गेली, त्यांना ही हकिगत समजावून सांगावी लागणार नाही.

गोठलेल्या जमिनीचा हिशेब

युकॉन प्रांताचे क्षेत्र महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक, पण 2021 च्या जनगणनेत माणसे अवघी 40,232. त्यांतले दोन-तृतीयांशाहून अधिक लोक व्हाइटहॉर्स या राजधानीत राहतात. पुढे बीव्हर क्रीकच्या बाजूला स्नॅग येथे फेब्रुवारी 1947 मध्ये पारा उणे 63 अंशांवर उतरला होता. या पट्ट्यात वरची माती उन्हाळ्यात विरघळते, पण तिच्याखालची जमीन बारमाही गोठलेली असते.

वरचे शेवाळ आणि पालापाचोळा हीच या जमिनीची गोधडी. ती आहे तोवर ऊन खाली पोचत नाही. सैनिकांनी घाईघाईत बुलडोझरने ही गोधडी खरवडून टाकली, तसा खालचा बर्फ वितळला आणि यंत्रे चिखलात रुतली. मग शहाणपण सुचले. शेवाळ तसेच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे अंथरले आणि वर मुरूम टाकला. उसात पाचट ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आच्छादनाची ही किंमत ठाऊकच आहे.

जमीन उघडी पडल्याचे देणे मात्र अजून फिटलेले नाही. डांबरी रस्ता आजही जागोजागी खचतो आणि फुगतो. आमच्या मोटरघरातली भांडी या टप्प्यावर दिवसभर वाजत होती. रस्ता थंड कसा ठेवावा, याचे प्रयोग बीव्हर क्रीकजवळ 2008 पासून केले गेले आहेत.

हवामान तापत चालल्याने पाण्याचेही गणित बदलले आहे. क्लुआनी सरोवराला पाणी पुरवणारी नदी कास्कावुल्श हिमनदीच्या मुखातून येत असे. हिमनदी मागे हटली आणि 2016 च्या वसंतात तिचे बहुतेक पाणी दुसऱ्याच खोऱ्याकडे वळले. सरोवराची पातळी उतरली. महामार्गावरच्या पुलाखाली आम्हांला पाणी थोडे आणि वाऱ्यावर उडणारी धूळ फार दिसली.

सातू आणि बायसन

हद्द ओलांडताना अमेरिकेचा व्हिसा लागतो, तो आधीच काढून ठेवावा. शेवटच्या टप्प्यात डेल्टा जंक्शनला पुन्हा शेते दिसली. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, पण जूनअखेरीस दिवस सुमारे 21 तासांचा असतो, त्यामुळे सातू झपाट्याने वाढतो. सरकारने 1978 मध्ये येथे जंगल तोडून मोठ्या प्रमाणावर सातू पिकवण्याची योजना काढली. पीक आले, पण ते परदेशी धाडण्याची व्यवस्था उभी राहिली नाही आणि पुष्कळ शेतकरी कर्जात बुडाले.

त्यात बायसनांची भर. 1928 मध्ये माँटाना राज्यातून आणून सोडलेल्या तेवीस जनावरांचा पुढे मोठा कळप झाला आणि तो उभ्या पिकात शिरू लागला. म्हणून 1979 मध्ये त्यांच्यासाठी निराळे राखीव रान केले आणि ते शेताकडे वळू नयेत म्हणून तेथे त्यांच्यासाठी चारा पिकवला जातो. आमच्या यजमानांनी हे ऐकले आणि आपल्याकडच्या रानडुकरांसाठी असे काही करता येईल का, याचा विचार ते परतीच्या वाटेवर बराच वेळ करीत होते.