ओव्हरनंतरची दोन सेकंदं

मऊरानीपुरात अँटेनाला जागा झकास मिळाली. कडुनिंबावरून तांब्याची तार उलट्या व्हीसारखी ताणली. ४० मीटर बँडसाठी लांबी सुमारे २० मीटर. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर नागपूर खणखणीत येतं, पुणेही लागतं. ऊन चढलं की पुणं विरतं.

फौजी सेटवर आपण नाव लपवतो, संकेतांत बोलतो. हॅमवर उलट. कॉलसाइन सांगायचाच, गुप्त भाषा चालत नाही. सुरुवातीला जीभ अडखळायची!

नव्या हौशींना माझं एकच सांगणं. महागडा ट्यूनर नंतर घ्या, आधी ऐकायला शिका. समोरच्याचं ‘ओव्हर’ झालं की लगेच पीटीटी दाबू नका, दोन सेकंद थांबा. संकटातल्या माणसाला मधे शिरायला तेवढीच फट असते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांच्या सेटवरूनच कित्येकांची खुशाली घरी पोचली. ऐकणारे होते म्हणून.

आमच्या सकाळच्या गप्पांत एक निवृत्त सुभेदारसाहेब आहेत. ते चांगले पाच सेकंद थांबतात. नवी पोरं वैतागतात. मी तेवढ्यात चहाचा घोट घेतो.