दुसऱ्यासाठी मोकळी केलेली जागा

१९९० चा विश्वचषक इटलीत झाला, तेव्हा जानलुका व्हियाली हे यजमानांचं सगळ्यात मोठं नाव होतं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे घरचंच कार्य. दूरदर्शनवर सामना असला की ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या घरी सगळी गल्ली. ऑस्ट्रियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात इटलीला गोल काही होईना. मग साल्वातोरे स्किलाची बदली खेळाडू म्हणून आत आला. व्हियालीनं बगलेतून चेंडू उचलून दिला, स्किलाचीनं डोक्यानं तो जाळ्यात घातला. गल्लीनं स्किलाचीला डोक्यावर घेतलं. मी बघत होतो तो चेंडू देणाऱ्याकडे.

पुढच्याच सामन्यात, अमेरिकेविरुद्ध, व्हियालीची पेनल्टी खांबाला लागली आणि त्याची संघातली जागा गेली. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध तो परतला. त्याचा फटका गोलरक्षकानं अडवला, सुटलेला चेंडू स्किलाचीनं आत ढकलला. इटली तो सामना पेनल्टींवर हरली. स्पर्धा संपली तेव्हा स्किलाचीचे सहा गोल होते, व्हियालीचा एकही नव्हता. मी स्वतः शाळेच्या संघात पुढच्या फळीत खेळायचो. त्या स्पर्धेपासून हा माणूस माझ्या मनात ठाण मांडून बसला.

व्हियाली क्रेमोनाचा, सुखवस्तू घरातला. साठ खोल्यांच्या वाड्यात वाढलेला. त्याचं नाव झालं ते जनोआच्या सांपदोरियाकडून खेळताना. तिथं त्याची आणि रोबेर्तो मान्चिनीची जोडी जमली. १९९१ साली सांपदोरियानं इटलीची लीग जिंकली. क्लबच्या इतिहासातलं ते एकमेव लीग विजेतेपद, आणि त्या मोसमात व्हियालीचे १९ गोल, लीगमध्ये सर्वाधिक. पुढच्या वर्षी, २० मे १९९२ रोजी, लंडनच्या वेम्ब्लीवर युरोपियन कपचा अंतिम सामना बार्सिलोनाशी झाला. व्हियालीच्या हातून सोन्यासारख्या संधी निसटल्या. जादा वेळेत, ११२ व्या मिनिटाला, रोनाल्ड कूमानची फ्री किक जाळ्यात गेली आणि सगळं संपलं. सांपदोरियाकडून त्याचा तो शेवटचा मोसम ठरला. चार वर्षांनी युव्हेंटसचा कर्णधार म्हणून त्यानं तोच चषक रोममध्ये उचलला, पण या वेळी शेजारी मान्चिनी नव्हता.

१९९८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं प्रशिक्षक रुड गुलिटला काढलं आणि तेव्हा त्यांच्याकडूनच खेळणाऱ्या तेहेतीस वर्षांच्या व्हियालीला खेळाडू-प्रशिक्षक केलं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. होस्टेलच्या टीव्हीवर इंग्लंडचे सामने दिसायला लागले होते. लीग कपच्या आर्सेनलविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी त्यानं ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना शॅम्पेनचा एकेक घोट दिला. मार्चमध्ये त्या कपचा अंतिम सामना आला, पुन्हा वेम्ब्लीवरच. संघ निवडायचा अधिकार त्याच्या हातात, स्वतः नावाजलेला आघाडीपटू, सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर हरलेला. तरी त्यानं स्वतःला बाहेर ठेवलं. चेल्सी जिंकली. मे महिन्यात स्टॉकहोममध्ये कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात तो खेळला, पण सामना फिरवला तो त्यानं बाकावरून बोलावलेल्या जानफ्रांको झोलानं. झोलानं मैदानात पाऊल टाकलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गोल केला.

प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द जेमतेम साडेतीन वर्षांची. २००० साली एफए कप जिंकून दिला आणि त्याच सप्टेंबरात चेल्सीनं त्याला निरोप दिला. पुढं वॉटफर्डमध्ये एक मोसम, तो काही साधला नाही. मग बरीच वर्षं तो दूरचित्रवाणीवर खेळाबद्दल बोलत राहिला.

२०१८ मध्ये त्यानं आपल्याला कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक मान्चिनी होता. त्यानं मित्राला पथकप्रमुख म्हणून सोबत घेतलं. युरो स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला निघताना संघाची बस चुकून व्हियालीला मागं ठेवून सुटली. इटली जिंकली. मग प्रत्येक सामन्याला तोच शकुन: बस निघायची, थांबायची आणि व्हियाली धावत येऊन चढायचा. उपचारांनी थकलेल्या त्या माणसानं पोरांसाठी हे हसत हसत केलं. ११ जुलै २०२१ ला वेम्ब्लीवर इटलीनं इंग्लंडला पेनल्टींवर हरवलं. व्हियाली आणि मान्चिनी एकमेकांना मिठी मारून रडले. १९९२ साली जिथं दोघे एकत्र हरले होते, तिथंच. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मीही डोळे पुसत होतो.

६ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो लंडनमध्ये गेला.

मी आता संध्याकाळी शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. गोल झाला की पोरं गोल करणाऱ्याच्या अंगावर धावतात. मी त्यांना सवय लावली आहे, की आधी चेंडू कुणी दिला त्याच्याकडे जायचं. आणि ज्याची पेनल्टी हुकली, दुसऱ्या दिवशी सरावात पहिली किक त्याचीच. व्हियालीच्या कपाटात चषक पुष्कळ होते. पण चांगला चेंडू देणं, चांगला माणूस मैदानात पाठवणं आणि बाहेर राहून मित्राच्या पाठीशी उभं राहणं, हे तो आयुष्यभर करत आला. मोठा खेळाडू मी यालाच म्हणतो, आणि माझ्या पोरांनी एवढं उचललं तर मला आणखी काही नको.