तळपान

अकोल्याच्या माझ्या राहत्या घरी रविवारी दुपारची जेवणे उरकली, की मी ओसरीवरच्या चौरंगावर एक जुने धोतर चौघडी करून अंथरतो, पत्त्यांचा जोड सात वेळा पिसतो, समोर कोणी असल्यास त्याच्याकडून आणि नसल्यास स्वतःच डाव्या हाताने काटून घेतो, तळाचे पान उलटून पाहतो, ते वहीत टिपतो, आणि मगच अकोट विरुद्ध वाशीम किंवा अचलपूर विरुद्ध खामगाव असा जो सामना त्या दिवशी लागलेला असेल, त्याचा प्रारंभ होतो. हे संघ कोणत्याही मैदानावर कधी उतरलेले नाहीत. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोट, खामगाव, वाशीम आणि यवतमाळ अशा आठ गावांची ही फुटबॉलची साखळी ५२ पानांत आणि माझ्या वह्यांत नांदते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा परगावी, या हिशेबाने एका हंगामाचे ५६ सामने होतात.

या साखळीचा उगम अमरावतीस झाला. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे त्या शहराचे बालपण मल्लखांब, कुस्ती आणि लेझीम यांच्या संस्कारात जात असे, आणि फुटबॉल हा आमच्या गल्लीत पाहण्यापेक्षा ऐकण्याचाच विषय होता. परंतु माझे वडील जमीनमोजणीच्या दफ्तरात होते, आणि जुने दस्तऐवज हाताळणाऱ्या माणसाच्या ठिकाणी इतिहासाची जी एक मंद ओढ निर्माण होते, तिच्यामुळे हैदराबादच्या पोलीस संघाविषयी त्यांना विलक्षण आपुलकी वाटे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, तरी त्यावरचे स्वामित्व पुढे कित्येक दशके कागदोपत्री निजामाचेच होते. तेव्हा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकणारा तो संघ त्यांना जणू आपल्याच सुभ्याचा वाटत असे. त्याचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हेच १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघाचेही गुरू होते. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले आणि नेव्हिल डिसोझा यांनी एकट्याने तीन गोल केले, ही वार्ता वडिलांनी ज्या संध्याकाळी वाचून दाखविली, त्या संध्याकाळी माझी साखळी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्या वार्तेने तिच्या रचनेतले मोठे वैगुण्य माझ्या ध्यानात आणून दिले.

तोपर्यंतची माझी पद्धत अशी होती, की संपूर्ण सामना एकाच पिसणीवर खेळवायचा, दोन्ही संघांनी आळीपाळीने प्रत्येकी १८ पाने उचलायची, आणि एक्का निघाला की गोल. आता जोडात एक्केच चार. मग सहा गोलांचा सामना माझ्या वऱ्हाडात होणार कसा? मेलबर्नला जे प्रत्यक्ष घडले, ते माझ्या जगात घडणे अशक्य होते. ज्या खेळात खऱ्या खेळातील एखादी घटना मुळातच घडू शकत नाही, तो खेळ खोटा, अशी त्या वयातही माझी धारणा झाली, आणि ती आजतागायत ढळलेली नाही. दुसऱ्या दिवशीपासून मध्यंतराला सगळी पाने गोळा करून नव्याने पिसण्याचा नियम केला. त्यामुळे प्रत्येक अर्धात दोघांची मिळून १८ पाने निघतात, तेरा पानांमागे एक एक्का या प्रमाणाने सबंध सामन्यात एक्क्यांचे सरासरी पावणेतीन गोल होतात, म्हणजे थोरामोठ्यांच्या साखळी सामन्यांत जेवढे होतात जवळजवळ तेवढेच, आणि क्वचित सहाही होतात. नऊ पाने आणि पंचेचाळीस मिनिटे यांचा मेळ तर आपोआपच बसला: एक पान म्हणजे पाच मिनिटे, म्हणून सातव्या पानाला निघालेला एक्का हा तिसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटांमधला गोल होय.

रंगांनाही अर्थ आहे. बदामाचा एक्का उजव्या बगलेवरून, चौकटचा डाव्या बगलेवरून, इस्पिकचा मधल्या आघाडीवाल्याचा, आणि किलवरचा म्हणजे पेनल्टी. संघांच्या तीन प्रती आहेत, आणि त्या गेल्या हंगामाच्या गुणतक्त्यावरून ठरतात: पहिल्या प्रतीच्या संघाला इस्पिकचा राजाही गोल देतो, कारण त्याच्या मध्यरक्षकाच्या पायात दुरून नेम साधण्याचे बळ आहे, तिसऱ्या प्रतीच्या संघाचा किलवरचा एक्का बाद धरतात, म्हणजे त्याची पेनल्टी हुकते. एकाची गोलाची पाने पाच, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची तीन. शिवाय ज्याच्या गावी सामना असेल, त्याला बदामाची राणी. इतक्या अल्प भेदावर सारे तारतम्य उभे आहे, म्हणून बलिष्ठ संघ बहुधा जिंकतो आणि तरीही अकोटच्या मैदानावर तो कधी निश्चिंत नसतो. पुष्कळ जणांनी मला धावपटू, गोलरक्षक, दुखापती यांच्यासाठी आणखी पाने राखून ठेवण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. नियम वाढले की मनुष्य नियमांकडे पाहू लागतो, आणि मूर्तिजापूर दिसेनासे होते.

जेथे मी सढळपणे विस्तार केला, ते प्रकरण प्रवासाचे. अकोला आणि अमरावतीजवळचे बडनेरा मोठ्या रुळावर, अकोट आणि वाशीम त्या काळी मीटर गेजवर, अचलपूर आणि यवतमाळ मूर्तिजापुरातून दोन बाजूंना फुटणाऱ्या त्या अरुंद रुळावर, ज्यावरच्या गाडीला लोक शकुंतला म्हणतात. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. तेव्हा अचलपूरच्या संघाला यवतमाळास जायचे तर त्या रमतगमत चालणाऱ्या गाडीतून १८९ किलोमीटर प्रवास घडणार, आणि परतल्यावर त्याला निदान तीन दिवस सामना लावता येणार नाही, हे मी कार्यक्रम आखताना पाळतो. खऱ्या शकुंतलेची फेरी आता बंद पडली आहे. माझ्या वेळापत्रकात ती अद्याप धावते, आणि तिच्या खिडकीतून सरकीच्या ढिगांवर पडलेले कार्तिकातले ऊन दिसते. मूर्तिजापूरच्या मुलांना शकुंतलेसाठी गाडी बदलावी लागत नाही, इतरांना मात्र त्यांच्या फलाटावर उतरावे लागते, एवढ्याच कारणाने माझ्या धाकट्या भावाने तो संघ आपला मानला होता.

नोंदी दोन वह्यांत असतात. कीर्दीत सामन्यामागून सामना, पानामागून पान. खतावणीत प्रत्येक गावाचे स्वतंत्र खाते, विजयास दोन गुण, बरोबरीस एक, जसे त्या काळी असत. वडिलांनी घालून दिलेला दंडक असा, की शाईने लिहिलेले खरवडायचे नाही. चूक झाल्यास एकच आडवी रेघ ओढायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी दुरुस्तीची सही करायची. तळाचे पान टिपण्याची पद्धतही त्यांचीच. वरून १८ पाने निघतात, तळाला हात लागत नाही. म्हणून अर्ध संपल्यावर तळपान तेच असले पाहिजे. आणि तळपानच एक्का निघाला, तर त्या अर्धात तीनच एक्के हाती उरतात. तो काळ्या मातीचा चिखल समजायचा, ज्यात चेंडू पुढे सरकत नाही.

भाऊ नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणास खिळला. हंगामाचा शेवटचा सामना, अकोल्यात, अकोला विरुद्ध मूर्तिजापूर, १–१, बरोबरी झाली तरी मूर्तिजापूर अजिंक्य, हरले तर अमरावती. यजमानांचे शेवटचे पान मी उचलले, आणि तो इस्पिकचा एक्का होता. भाऊ आढ्याकडे पाहत पडला होता. मी तो एक्का जोडाखाली सरकविला, वरचे दुसरे पान उलटले, किलवरची पंजी, आणि बरोबरी लिहून त्याला अजिंक्यपदाची वार्ता सांगितली. तो हसला, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पाने आवरण्यासाठी जोड मागून घेतला.

“खाली तं चौकट सत्ती होती ना, दादा? मंग हा एक्का कुठून आला?”

मी उत्तर दिले नाही. त्याने जोड छातीवर ठेवला, आणि काही वेळाने म्हणाला, “मंग मूर्तिजापूर जिंकलंच नाई.” त्याच्या स्वरात राग नव्हता, एखादा माणूस घरात नाही हे कळल्यावर जो स्वर लागतो, तो होता. मूर्तिजापूर आमच्या दोघांच्याही इच्छेबाहेर होते म्हणूनच ते होते, आणि मी ते माझ्या इच्छेत आणून नाहीसे केले होते, हे मला त्या रात्री कंदिलापाशी ती रेघ ओढताना समजले. अकोला २, मूर्तिजापूर १. अजिंक्य अमरावती. शेजारी माझी सही आहे, आणि तिच्याखाली थरथरत्या अक्षरात भावाची, कारण सकाळी त्याने वही मागितली.

तापातून तो बरा झाला, शिकला, संसाराला लागला. आज तो अमरावतीस असतो आणि मी नोकरीनिमित्त येथे आलो तो येथलाच झालो. रविवारी दिवेलागणीला त्याचा फोन येतो. गेल्या खेपेस मूर्तिजापूरचा सामना यवतमाळशी होता. प्रकृतीची चौकशी झाली, सुनेने केलेल्या मिरगुंडांची हकिगत झाली, आणि मग त्याने नेहमीप्रमाणे विचारले, “तळाले काय होतं, दादा?” मी वही उघडून सांगितले: पूर्वार्धात बदामाची दश्शी, उत्तरार्धात किलवरचा गुलाम, दोन्ही जागच्या जागी. त्यानंतर त्याने निकाल विचारला.