केशरी कार्ड

आमच्या घरात आजारपणाचा हिशेब रुपयांत कधी झालाच नाही. तो जनावरांत व्हायचा. आजीचा मोतीबिंदू म्हणजे दोन शेळ्या. धाकटी आत्या बाळंतपणात अडली, तिला रातोरात फलटणला न्यावं लागलं, तेव्हा दुभती म्हैस गेली. आणि नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोटाचं ऑपरेशन झालं ते खिलार खोंडांच्या जोडीवर. माणदेशात पाऊस नावाला, पण खिलार नामी. खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक लगेच मिळालं. नानांचा घाव भरला, पण पुढची दोन वर्षं पेरणीला बैल भाड्यानं आणले. एकदा वापसा गेल्यावर मिळाले, म्हणून बाजरी गुडघ्याच्या वर आलीच नाही. ही तूट दवाखान्याच्या खर्चात कुणी धरत नाही. मी धरतो.

थोरले चुलते, अण्णा, मुंबईला गिरणीत होते. त्यांच्याकडे विम्याचं कार्ड होतं. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. पगारातनं थोडं कापायचं, थोडं मालकानं घालायचं आणि कामगाराच्या घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टर, औषध, खाट सगळं त्यातनं. अण्णा जत्रेला आले की सांगायचे, "आमाला पैशाची काळजी न्हाय. कार्ड दावायचं, नंबर लावायचा." नाना मान हलवायचे, पान जुळवत बसायचे. एकाच आईची दोन लेकरं, राबायची दोघंही. पण एकाच्या राबण्याला हजेरीपट होता, दुसऱ्याच्या राबण्याला फक्त पाऊस.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णा गावी आले ते वळकटी आणि खोकला घेऊन. कापसाच्या धुळीनं छाती भरलेली. विहिरीपर्यंत चालले तरी बांधावर टेकायचे. नोकरी गेली तसं ते कार्डही गेलं. ज्या कामानं दमा दिला, त्या कामाबरोबरच दम्याच्या औषधाची सोय संपली. पेटीच्या तळाशी अण्णांनी ते कार्ड कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. का, ते त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या शिवाराच्या पलीकडं सोलापूर जिल्हा लागतो. माळशिरस तालुक्यात माझी मावशी दिलेली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं, सातारा नव्हतं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलं की घराला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. मावशीच्या दिरानं हृदयाचं ऑपरेशन करून घेतलं आणि महिनाभरात एसटीनं आमच्याकडं येऊन शर्टाची बटणं काढून टाके दाखवले. आमचे भाऊतात्या ते टाके बघत बसले. तात्यांना तोच आजार होता. डॉक्टरांनी बायपास सांगितलेली, आणि पैशासाठी अर्धा एकर विकायचा का, यावर पोरांत एकमत होत नव्हतं. "आमच्यात कधी यायची वो ही योजना?" एवढंच त्यांनी विचारलं. ती राज्यभर लागू झाली नोव्हेंबर २०१३ मध्ये. तात्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले. दुष्काळ होता, छावणीत जनावरांना वैरण टाकता टाकता खाली बसले ते उठलेच नाहीत. मधे एक शीव होती, बाकी काही नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या आईच्या छातीत कळ आली. या वेळी कार्ड होतं, केशरी. दवाखान्यात शिरल्या शिरल्या एका टेबलाशी 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याच्याकडं कागद द्यायचे. रेशन कार्डावर आईचं सासरचं नाव अर्धं, ओळखपत्रावर पूर्ण. त्यापायी एक दिवस गेला. मंजुरी आली, स्टेंट बसला. भावानं ऐन वेळी लागतील म्हणून पिशवीत चाळीस हजार आणले होते, ते बरेचसे परत आले. आमच्या घराण्यात दवाखान्यातनं पैसे घरी परत येण्याची ही पहिलीच वेळ. मला योजनेला नावं ठेवायला आवडत नाही ते त्यामुळं. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस पांढऱ्या कार्डाचा होता. थोरला मुलगा शाळामास्तर म्हणून कार्ड पांढरं, आणि तो मुलगा वेगळा राहत होता. त्याचं बिल त्याच्या बायकोनं माझ्यासमोर पाटल्या उतरवून भागवलं.

(आता रंगाची अट गेलीय. नाव बदललं, महात्मा फुले यांचं आलं, आयुष्मान भारतशी जोड झाली आणि रक्कम पाच लाखांवर गेली. चांगलंच झालं.)

माझी पुतणी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. रविवारी आजीला व्हिडिओ कॉल करते. तिच्याकडनं मी तिकडचं खोदून खोदून विचारून घेतलं. तिथं विमा सक्तीचा. पगाराच्या १४.६ टक्के, वर थोडं आणखी, निम्मं तिचं आणि निम्मं मालकाचं. "काका, हातात येईपर्यंत पगाराला कात्री लागते," असं ती कुरकुरते. मोठ्या डॉक्टरची तारीख मिळायला महिने लागतात, हेही सांगते. पण नोकरी सुटली आणि बेकारीचा भत्ता सुरू झाला, की विम्याचा हप्ता सरकारी खातं भरतं. हे ऐकून मला अण्णांची पेटी आठवली. ही पद्धत बिस्मार्कनं १८८३ मध्ये सुरू केली, ती काही कामगारांच्या मायेपोटी नव्हे, तर ते समाजवाद्यांच्या मागं जाऊ नयेत म्हणून. तरी टिकली.

इंग्लंडनं दुसरी वाट धरली. ५ जुलै १९४८ पासून कार्ड नाही, हप्ता नाही, करातनं सगळ्यांना दवाखाना. ती आणणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन स्वतः पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला. त्याच्या ट्रेडेगर गावात खाणकामगार आपल्या मजुरीतनं वर्गणी काढून डॉक्टर ठेवत, तोच कित्ता त्यानं देशाला घातला. आपल्याकडंही भोर समितीनं १९४६ मध्ये लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत. आपण थोडं इंग्लंडचं घेतलं, ते आरोग्य केंद्र; थोडं जर्मनीचं, ते अण्णांचं कार्ड. दोन्ही अर्धी अर्धी. आणि मधे जो शेतकरी उरला त्याच्यासाठी ऑपरेशनपुरती योजना.

ऑपरेशनपुरती म्हणतो, कारण पुढचं ज्याचं त्यानं. घरी आल्यावर थोडे दिवस गोळ्या योजनेतनं मिळाल्या. पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. रक्तदाबाची गोळी आरोग्य केंद्रात मिळते, असेल तेव्हा. बाकीच्या तालुक्याच्या जनऔषधी दुकानातनं आणतो. तिथं स्वस्त पडतात, पण जायला-यायला एसटी आणि एक रोज बुडतो.

एका रविवारी आईनं नातीला विचारलं, "तुमच्यात गोळ्यांना किती पडत्यात गं?"

तिनं सांगितलं, औषधाच्या दहा टक्के, कमीत कमी पाच युरो, जास्तीत जास्त दहा. आणि कायमचा आजार असला, तर सगळ्या वर्षात मिळून घरच्या मिळकतीच्या एक टक्क्यावर घेत नाहीत.

"शंभरातला येक?" आईनं बोट वर करून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "आन् मिळकतच नसली तर?"

फोन ठेवल्यावर ती उठली आणि कोनाड्यातला पितळी डबा काढला. ती एक दिवसाआड गोळी घेते, मला माहीत आहे. डॉक्टरांनी बजावलंय, मी बजावलंय, ती "व्हय, व्हय" म्हणते. महिनाअखेरीला मी डबा उघडून मोजतो. तीस तारखेला त्यात बारा-तेरा गोळ्या असतात. डॉक्टरांच्या हिशेबानं एकही उरायला नको.